कोटाच्या बाहीतल्या बांगड्या

नागपूरच्या थंडीला नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. आमच्या उन्हाळ्याने आम्हाला इतकं बदनाम करून ठेवलं आहे, की इकडे थंडीही पडते हे लोक विसरूनच जातात. पडते, आणि चांगली सणसणीत पडते. पहाटे बादलीत बोट बुडवलं तर हात झटकावा लागतो. मग नवाच्या पुढे असं ऊन येतं, की त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला उठवणं पाप वाटावं. अशा उन्हात बसून संत्रं सोलावं. सालीचा तो तिखट ओला वास दिवसभर बोटांना राहतो, आणि मला तर तो थेट मागे घेऊन जातो.

यंदा मी अशीच गच्चीवर बसले होते. माझा मुलगा आणि सून शेजारी सतरंजीवर पालथे पडून फोनमध्ये डोकं घालून होते. नाताळात त्यांना आठवडाभर सुट्टी आहे आणि युरोपातलं एकच ठिकाण निवडायचं आहे. अंगठ्याच्या एका फटक्यात एक शहर जात होतं, दुसरं येत होतं. बर्फ, मनोरे, पूल, दिव्यांच्या माळा. सून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ?" मी हसले. हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, अशाच एका थंडीत, तो आमच्या घरात आला होता. तेव्हा तो फोनात मावला नव्हता. अख्खी गल्ली त्याच्या मागे लागली होती.

आमची गल्ली विणकरांची. गोळीबार चौकाच्या मागच्या अंगाला, घराघरात माग. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानांत धोट्याची खटखट यायची. थंडीत तर गल्लीचं रूपच वेगळं असे. पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून त्याला खळ लावायची, ती वाळेपर्यंत गल्लीतून सायकलसुद्धा जात नसे. भाताच्या खळीचा आंबूस वास, त्यात कुठेतरी पेटलेल्या शेकोटीचा धूर. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. मी लहानपणी बाबांच्या शेजारी पाय सोडून अभ्यासाला बसे आणि पाढे खटखटीच्या तालावर पाठ करी.

आई पलीकडे रहाटावर सुताच्या कांड्या भरत असे. नवं लुगडं मागावर चढवायच्या आधी बाबा एकच गोष्ट तिला विचारत. "सांग वं, काठ कोनता?" आई हातातला रहाट न थांबवता सांगे, "जांभळा." किंवा "मिरची." मग त्यावर चर्चा नाही. व्यापाऱ्याने काही म्हटलं तरी नाही. आमच्याकडे ही रीतच होती: विणणार पुरुष, काठ सांगणार बाई. बाबांची लुगडी इतवारीच्या बाजारात हातोहात जात, आणि लोक बाबांच्या हाताचं कौतुक करत. बाबा ते कौतुक ऐकून घेत आणि घरी येऊन आईला म्हणत, "तुया काठ चालला गा बाप्पा." बाईला 'गा' म्हणत नाहीत आमच्याकडे, पण बाबा खूश असले की व्याकरण सोडून देत.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर दादाचं पत्र आलं. दादा माझा थोरला भाऊ. विणकराचा मुलगा शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाला आणि तिकडे जर्मनीत कारखान्यात लागला, म्हणून गल्लीला त्याचा कोण अभिमान. त्याने लिहिलं होतं, नाताळात कारखाना बंद असतो, तुम्ही दोघं या. तिकिटं मी काढतो. इथून आगगाडीने युरोपातलं एक गाव तुम्हाला दाखवीन. एकच जमेल, पण ते तुम्ही निवडा.

एरवी बाबांनी हे पत्र हसून बाजूला ठेवलं असतं. पण त्याच महिन्यात धंतोलीच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. औषधाने त्याची वाढ सावकाश होईल, थांबणार नाही. नजर कडेकडेने जाईल, शेवटी समोरचीही जाईल. बाबा स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "डाक्टर, लुगड्याचं आंग विरते, काठ राह्यते. डोळ्याचं उलटंच दिसून राह्यलं." डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "जे दाखवायचंय ते लवकर दाखवा. आणि रस्त्यावर यांना एकटं सोडू नका."

म्हणून ती निवड साधी राहिली नाही. बाबांना आयुष्यात एकच गाव पाहायचं होतं आणि ते डोळे असेपर्यंत पाहायचं होतं. चुकीचं निवडलं तर पुन्हा संधी नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

बोलत होते ते गावांबद्दल. संध्याकाळी माग थांबले की आमच्या ओट्यावर सभा भरे. समोरच्या घरातले मास्तर शाळेत भूगोल शिकवत. ते मफलर बांधून येत आणि लंडनशिवाय दुसऱ्या गावाचं नाव काढू देत नसत. "अरे, ज्यायनं आपल्यावर राज्य केलं त्यायचं घर तर पाहून या!" व्यापारी शेटजी स्वित्झर्लंडच्या बाजूचे. ते स्वतः वर्ध्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण सिनेमात बर्फ पाहिला होता आणि त्यावर नायिका घसरताना पाहिली होती. "निरा कापूस पिंजून टाकल्यावानी दिसते," ते सांगत. मी कॉलेजात होते, तेव्हा अर्थातच पॅरिस. सीताबर्डीच्या वाचनालयातून मी एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणलं होतं आणि बाबांच्या समोर अगदी सरळ धरून एकेक पान उलटत होते. खरं सांगायचं तर ते पुस्तक मी त्यांच्यापेक्षा माझ्यासाठीच आणलं होतं, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. विसाव्या वर्षी ज्याला पॅरिस आवडत नाही त्याने डॉक्टरकडे जावं.

बाबा सगळ्यांचं ऐकत आणि सगळ्यांना एकच विचारत, "तिथं थंडीत उजेड किती असते?"

मास्तर खाकरत. भूगोलाचा माणूस, खोटं कसं बोलणार? "चार वाजता अंधार पडते म्हना..."

"चार वाजता! मंग पाहू काय? आपल्या घरी बसलो तं पाच वाजेलोक काठ दिसते मले."

असं करत लंडन पडलं. शेटजींचं स्वित्झर्लंडही पडलं, कारण बर्फावर पाय घसरतो आणि बाबांना पायाखालचं दिसत नव्हतं. माझं पॅरिसचं पुस्तक बाबांनी मिटून माझ्या हातात दिलं. फक्त म्हणाले, "पुस्तकात मस्त दिसते वं, पोरी." यातून काय ते मी समजले.

आई या सभेत नसे. ती आत रहाटावर असे, आणि तिला कुणी काही विचारतही नसे. तिकिटं दोघांची येणार होती हे जणू सगळे विसरले होते. गंमत म्हणजे मीही.

आता बाबांच्या चालण्याबद्दल सांगते. त्यांना समोरचं ठीक दिसे, पण दोन्ही बाजूंनी पडदा ओढल्यासारखं झालं होतं. डावीकडून हातगाडी आली तर ती त्यांच्या लेखी नव्हतीच. एकटे गेले की कुणाच्या सायकलला, कुठल्या खांबाला धडकून येत, आणि वर सांगत, "खांबच सरकून राह्यलेत आजकाल." मी हात धरायला गेले की झिडकारत. आईने तर हात धरायचा प्रश्नच नव्हता. आमच्या गल्लीत बायको नवऱ्याच्या दोन पावलं मागून चालायची. शेजारून चालली तर बायका खिडकीत येत. हात धरला असता तर मेळाच भरला असता. "लोकं काय म्हनतीन वं? आंधया झाला म्हनतीन," बाबा म्हणत. लुगड्याचा व्यापार नजरेवर चालतो, आणि नजर गेली हे इतवारीत कळलं की संपलं, ही भीतीही त्यात होती.

पण एक नवल होतं. आई मागून असली की बाबा धडकत नसत. अगदी गर्दीतून, बैलगाड्यांच्या आणि सायकलरिक्षांच्या मधून, मान ताठ ठेवून ते नीट जात. मला वाटे, आई सोबत असली की बाबांना धीर येत असेल. आम्ही मुली अशाच बावळट असतो. आईबापांच्या मधे जे काही असतं ते सगळं आम्हाला धीर आणि माया वाटतं. त्यात काही कसब असेल असं मनातही येत नाही.

डिसेंबर लागला आणि एका रविवारी कामठीहून हवालदारकाका आले. बाबांचे जुने स्नेही. मोठ्या लढाईच्या वेळी लष्करात ट्रक चालवत होते, आणि इटलीत गेले होते. थंडीत ते नेहमी येत, बाबांच्या मागाशेजारी बसून संत्री खात आणि साली खिशात घालून नेत; त्यांच्या बायकोला त्या चहात लागत. त्यांनी सगळ्यांची बाजू ऐकली आणि म्हणाले, "फ्लॉरेन्सले काहून जात नाई गा?"

आमच्यापैकी कुणी ते नाव धड ऐकलं नव्हतं. मास्तर म्हणाले, तिथं चित्रं आहेत. हवालदारकाकांनी हात झटकला. "चित्रं मी नाई पाह्यली बाप्पा. मी गेलो तवा नदीवरचे सारे पूल उडाले होते, एकच राह्यला होता. त्या पुलावर दुकानं, सोनाराची. लढाईची धूळ बसली नाई का लोकं निंगाले बाहेर. सांज झाली का सारे रस्त्यावर. म्हातारे, कोतारे. हात धरून फिरतेत."

"कोनाचा हात?" बाबांनी विचारलं.

"बायकोचा. आनखी कोनाचा?" काका हसले. "काम काहीच नाई गा. निव्वळ फिरनं. या टोकाले जाचं, त्या टोकाले याचं. आमी पोरं ट्रकात बसून पाहत राहो. वाटे, हे लोकं लढाई हरले का जितले?"

सगळे हसले. मास्तरांनी पुन्हा लंडनचा विषय काढला. आत आईचा रहाट थांबला होता, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी आठवतं. तेव्हा मी फक्त संत्रं सोलत होते.

थंडीचे कपडे आणायला मी आणि आई सीताबर्डीवर गेलो. तिबेटी बायका स्वेटर विकायला बसत, त्यांच्याकडून दोन लोकरी टोप्या घेतल्या, आणि जुन्या कपड्यांच्या दुकानातून दोन जाडजूड ओव्हरकोट. घरी आल्यावर आईने लुगड्यावर तो पुरुषी कोट चढवला. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली आल्या. मी हसून लोळत होते. आई मात्र हसली नाही. बाबांना म्हणाली, "चाला बरं अंगनात."

बाबा चालले, आई दोन पावलं मागे. चौथ्या पावलाला बाबा उजवीकडे टेकवलेल्या सायकलवर आदळले. सायकल पडली, तिच्यावरचा सुताचा गठ्ठा पडला. बाबा चिडून वळले. "वाजवलं काहून नाई?"

"वाजवलं नं वो," आई म्हणाली. "बाहीत आयकू नाई आलं."

मी उठून बसले. आईने कोटाची बाही वर ओढली आणि उजवा हात हलवला. काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मग डावा हात. त्या हातात ती पाटल्या घाली, त्यांचा आवाज जाड. उजवीकडे अडथळा असला की उजवा हात, डावीकडे असला की डावा. दोन्ही वाजले की थांबायचं. काचबिंदू हा शब्द आम्ही ऐकायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. भर इतवारीतून ती दोन पावलं मागे राहून, पदर डोक्यावर घेऊन, हाताने नवऱ्याला वाट दाखवत होती आणि एकाही माणसाला त्याचा पत्ता नव्हता. लोकांना वाटे, बाई चालते म्हणून बांगड्या वाजतात.

मला माझ्या आईबद्दल आयुष्यात पुष्कळदा आदर वाटला, पण त्या दिवशी अंगणात तो कोट घातलेली ती ठेंगणी बाई पाहून जे वाटलं ते पुन्हा वाटलं नाही. माझ्या वाचनालयातल्या पुस्तकात एवढं सुंदर काही नव्हतं.

गच्चीवर सून म्हणत होती, "या गावाला रेटिंग चांगलं आहे." मी मान हलवली. माझ्या डोक्यात ती सायकल होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. माग चालू नव्हता. आई पलीकडे कांड्या आवरत होती. दादाला उत्तर पाठवायचं होतं, मी पेन घेऊन तयार होते. बाबांनी धोटा हातात घेतला आणि परत ठेवला. मग अगदी नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजात काठ विचारत त्याच आवाजात, म्हणाले, "सांग वं, कुठी जाचं?"

आईने हातातली कांडी खाली ठेवली. "हवालदार म्हनत होते त्या गावाले."

"काय हाय तिथं?"

"मले काय मालूम? पन तिथं म्हातारे लोकं हात धरून चालतेत म्हने. आपल्याले कोनी पाह्यनार नाई." तिने मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या. "कोटात बांगड्या वाजत नाईत. मी मांगं राह्यली तं तुमी पडान. पडून काय पाह्यसान?"

काठ सांगून झाला होता, आणि त्यावर चर्चा करायची नाही ही रीत होती. बाबांनी मला मान हलवून खूण केली. मी लिहिलं. पॅरिसचं दुःख मला थोडं झालं, ते मी लिहिलं नाही.

दोघं गेले. आम्ही रोज मुंबईच्या बाजूच्या आकाशाकडे उगाच पाहत असू. त्या आठवड्यात गल्लीत इतकी थंडी पडली की सुताची खळ वाळेना. मास्तरांनी नकाशा आणून फ्लॉरेन्सवर बोट ठेवलं आणि तिथे नागपूरच्या पहाटेएवढीच थंडी असते असं सांगून मला धीर दिला. त्यांचं लंडन हरलं होतं, पण माणूस दिलदार.

दादाने नंतर पाठवलेला एक फोटो अजून माझ्याकडे आहे. मागे पूल, त्यावर खरंच छोटी छोटी दुकानं. पुढे आई आणि बाबा. आईच्या कोटाखालून लुगड्याचा काठ दिसतो, जांभळा, पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट. दोघं कॅमेऱ्याकडे अशा चेहऱ्याने पाहतात की जणू साक्षीला उभे केलेत. आईची बाही बोटांच्या खाली लोंबते आहे. आणि त्या बाहीच्या आत बाबांचा हात गेलेला आहे, पार मनगटापर्यंत. दादा सांगायचा, पहिल्या दिवशी बाबा हात धरताना चारदा मागे वळून पाहत होते, गल्लीतलं कुणी आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवसापासून तेच संध्याकाळ झाली की कोट घालून दारात उभे राहत.

जानेवारीत ते परत आले; घ्यायला मी गेले होते. नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं आणि आईने कोट केव्हाच काढून हातावर टाकला होता. सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण आत सूत ताणलेलं होतं. पुढे पायीच जायचं होतं. दोन्ही बाजूंना खळ लावलेले धागे उन्हात चमकत होते, मधे जेमतेम दोन माणसांपुरती वाट. लोक दारात आले. मास्तर मफलर सोडून पुढे आले. शेटजीही कुठूनसे उगवले.

आईने पदर डोक्यावर घेतला, आणि सवयीने दोन पावलं मागे झाली. हात मोकळे होते. बांगड्या वाजल्या असत्या, बाबा नीट गेले असते, गल्लीला काहीच कळलं नसतं.

बाबा चालले नाहीत. तिथेच उभे राहिले आणि हात मागे केला. "ये नं वं शेजारी."

"इथं?" आई कुजबुजली. "सारे पाहून राह्यले."

"पाहू दे. मले नाई दिसत म्हनून सांगून देतो सगळ्यायले. नाई तरी किती दिवस लपवू?"

कुणाच्यातरी घरातला माग मधेच थांबला. दोघं त्या सुताच्या मधून हात धरून आले, बाबा मान ताठ ठेवून आणि आई मान खाली घालून. मी ट्रंक घेऊन मागे होते. दोन पावलं मागे कुणीतरी चालायचं असतंच, ते त्या दिवशी मी चालले.

ओट्यापाशी मास्तरांना राहवलं नाही. त्यांना चित्रं, मनोरे, राजवाडे असं काहीतरी ऐकायचं होतं. म्हणाले, "मंग, काय पाह्यलं गा एवढ्या दूर जाऊन?"

बाबांनी मान वळवली. बाजूचं दिसायला त्यांना आता पूर्ण मान वळवावी लागे. आईकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हिले पाह्यलं. इथं तं ही मांगंच राह्यते नं."

"चूप राहा नं वो," आई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.